काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरमागे उरणाऱ्या फायली : पॅकेज व्यवस्थापनाच्या इतिहासातील मालकीचा प्रश्न

प्रस्तावना

संगणकावर सॉफ्टवेअर कसे बसवावे याविषयी विपुल लेखन उपलब्ध आहे. ते काढून टाकल्यानंतर मागे काय उरते, याचा विचार मात्र त्या मानाने फार थोडा झालेला दिसतो. सॉफ्टवेअर बसविणे, अद्ययावत करणे आणि काढणे ही कामे नोंद ठेवून करणाऱ्या आज्ञावलीला पॅकेज मॅनेजर असे म्हणतात. बसविताना तिने शंभर फायली ठेवल्या असतील तर काढताना त्याच शंभर फायली उचलल्या की काम संपले, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात या दोन क्षणांच्या दरम्यान महिने किंवा वर्षे उलटलेली असतात. त्या काळात संगणकाच्या व्यवस्थापकाने काही फायली हाताने बदललेल्या असतात, चालू असलेल्या प्रोग्रॅमने स्वतः नव्या फायली निर्माण केलेल्या असतात आणि काही फायलींवर दुसरे प्रोग्रॅमही अवलंबून राहू लागलेले असतात. काढण्याची आज्ञा मिळते तेव्हा या फायली कोणाच्या, हे ठरवावे लागते. चुकीने राखलेली फाईल जागा अडविते, क्वचित धोकाही निर्माण करते. चुकीने पुसलेली फाईल परत येत नाही.

वरकरणी हा स्वच्छतेचा प्रश्न वाटतो. मुळात तो मालकीचा आहे. पॅकेज, व्यवस्थापक आणि वापरकर्ता या तिघांमधील सीमारेषा निरनिराळ्या पॅकेज मॅनेजरांनी कोठे आखली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. विवेचन प्रामुख्याने युनिक्स व लिनक्स परंपरेचे असून त्यातही डेबियन प्रकल्पाचा विचार अधिक विस्ताराने केला आहे, कारण या प्रकल्पाने आपले उत्तर लेखी नियमांच्या रूपात मांडले आणि ते नियम आजही अमलात आहेत.

नोंदवहीपूर्वीची स्थिती

१९८० च्या दशकात युनिक्स संगणकांवर बाहेरचे सॉफ्टवेअर पुष्कळदा मूळ संहितेच्या रूपात येत असे. व्यवस्थापक ती संहिता आपल्या संगणकावर संकलित करी आणि 'मेक इन्स्टॉल' ही आज्ञा देऊन तयार फायली ठरावीक डिरेक्टरींमध्ये बसवी. कोणती फाईल कोठे गेली याची नोंद प्रणालीत कोठेही होत नसे. ग्नू प्रकल्पाच्या लेखननियमांत 'अनइन्स्टॉल' या उलट आज्ञेचीही तरतूद आहे. परंतु ती चालविण्यासाठी मूळ संहितेची डिरेक्टरी, आणि तीही बसविताना होती त्याच स्थितीत, शाबूत असावी लागते. जागा वाचविण्यासाठी नेमकी तीच आधी पुसली जाई. परिणामी जुने सॉफ्टवेअर काढणे हे व्यवस्थापकाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहिले.

बॉब ग्लिकस्टीन यांनी १९९३ मध्ये लिहिलेल्या 'स्टो' या छोट्या आज्ञावलीने यातून वेगळी वाट काढली. प्रत्येक सॉफ्टवेअरला स्वतंत्र डिरेक्टरी द्यायची आणि सर्वांच्या वापराच्या ठिकाणी केवळ तिच्याकडे निर्देश करणारे दुवे ठेवायचे, अशी ही रचना होती. फाईल कोणाची हे तिच्या जागेवरूनच कळत असल्याने वेगळ्या नोंदवहीची गरज राहिली नाही. या कल्पनेशी नाते सांगणारी, पण कितीतरी पुढे गेलेली एक पद्धत दशकभरानंतर निक्सच्या रूपाने पुढे आली. तिचा उल्लेख पुढे येईल.

सिस्टिम फाईव्ह : फायलींचे प्रकार

एटी अँड टी कंपनीच्या युनिक्स सिस्टिम फाईव्हच्या चौथ्या आवृत्तीतील पॅकेज साधने आणि सन कंपनीने सोलारिसमध्ये चालविलेली त्यांची परंपरा या विषयात महत्त्वाची ठरते. येथे संगणकावरील सर्व पॅकेजांच्या फायलींची एकच साधी मजकुरी नोंदवही असे. प्रत्येक ओळीत फाईलचा मार्ग, तिचा प्रकार, आकार, चेकसम आणि ती ज्या पॅकेजांची आहे त्यांची नावे असत. एका ओळीत एकाहून अधिक पॅकेजांची नावे येऊ शकत. पॅकेज काढताना त्याचे नाव ओळीतून वगळले जाई आणि दुसरे नाव उरले नसेल तरच फाईल पुसली जाई.

याहून लक्षणीय बाब म्हणजे फायलींचे प्रकार. साध्या फाईलखेरीज बसविताना वा काढताना संपादित होणारी फाईल आणि जिचा मजकूर बदलत राहणे अपेक्षितच आहे अशी फाईल, हे भेद या पद्धतीत नोंदले जात. त्यातील एका वर्गाच्या फायलींसाठी पॅकेजकार दोन भागांची संपादन-आज्ञावली देत असे. एक भाग बसविताना सामायिक फाईलमध्ये ओळी घाली, दुसरा काढताना त्या ओळी काढून घेई. म्हणजे फाईल ठेवायची, पण आपला तेवढा मजकूर परत न्यायचा. कल्पना सुंदर होती. दरम्यान कोणी त्या ओळी बदलल्या किंवा दुसरीकडे हलविल्या तर उलट संपादन फसत असे, ही तिची उघड मर्यादा.

डेबियन : काढणे आणि निर्मूलन

इयन मरडॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियन प्रकल्पाची घोषणा केली. त्याचा पॅकेज मॅनेजर 'डीपीकेजी' प्रथम १९९४ च्या प्रारंभी शेल लिपीत, नंतर पर्ल भाषेत आणि त्याच वर्षी इयन जॅक्सन यांच्या हातून मुख्यतः सी भाषेत लिहिला गेला. काढण्याच्या क्रियेचे दोन स्वतंत्र आज्ञांत केलेले विभाजन हे या साधनाचे वैशिष्ट्य होय. 'रिमूव्ह' या आज्ञेने पॅकेजचे प्रोग्रॅम, ग्रंथालये व दस्तऐवज जातात. कॉन्फिगरेशन फायली राहतात. 'पर्ज' या आज्ञेने त्याही जातात. डेबियनच्या धोरणपत्रिकेनुसार नोंदींच्या लॉग फायलीही निव्वळ काढताना नव्हे, तर 'पर्ज' करतानाच पुसावयाच्या असतात.

यामागील विचार सरळ आहे. मेल सर्व्हरचा प्रोग्रॅम पुन्हा केव्हाही मिळू शकतो, कारण तो जगभर सर्वत्र सारखाच असतो. त्याच्या कॉन्फिगरेशन फाईलमध्ये मात्र त्या एका संस्थेचे, त्या एका व्यवस्थापकाचे अनेक दिवसांचे काम साठलेले असते. 'कसेल त्याची जमीन' हे तत्त्व महाराष्ट्रातील वाचकाला परिचित आहे. डेबियनने फाईलच्या बाबतीत काहीसे तेच मान्य केले, असे म्हणता येईल. फाईल आणून दिली पॅकेजने, पण ती कसली व्यवस्थापकाने.

हे केवळ तत्त्व राहिले नाही, त्याला नोंदवहीत स्थान मिळाले. 'रिमूव्ह' केलेले पॅकेज डीपीकेजीच्या दृष्टीने नाहीसे होत नाही. ते 'केवळ कॉन्फिगरेशन फायली शिल्लक' अशा स्वतंत्र अवस्थेत जाते. पॅकेजांच्या यादीत त्यापुढे 'आरसी' ही दोन अक्षरे दिसतात. पहिले अक्षर व्यवस्थापकाची इच्छा दर्शविते, दुसरे प्रत्यक्ष स्थिती. वर्षानुवर्षे चालविलेल्या सर्व्हरवर अशा 'आरसी' नोंदींची रांग लागलेली आढळते. ज्या पॅकेजला कॉन्फिगरेशन फायलीही नाहीत आणि काढल्यानंतर चालवावयाची आज्ञावलीही नाही, ते मात्र पहिल्याच आज्ञेने पूर्णपणे जाते.

या मधल्या अवस्थेचे काही परिणाम अनपेक्षित होते. त्या काळी डेबियनवर सेवा सुरू करणाऱ्या आज्ञालिपी याही कॉन्फिगरेशन फायलीच मानल्या जात. त्यामुळे सेवेचा प्रोग्रॅम काढल्यावरही ती सुरू करणारी लिपी मागे राही आणि संगणक चालू होताना नसलेल्या प्रोग्रॅमला हाक मारू शके. ठरावीक वेळी कामे करणाऱ्या क्रॉनच्या फायलींचेही तसेच. म्हणून धोरणपत्रिकेने नियम घातला की अशा प्रत्येक लिपीने आपला प्रोग्रॅम संगणकावर आहे की नाही हे आधी तपासावे, आणि नसेल तर मुकाट्याने थांबावे. डेबियनच्या जुन्या लिपींच्या आरंभी आढळणारी ती एक ओळ अनेकांना निरर्थक वाटते. ती या निर्णयाची किंमत आहे.

दुसरा परिणाम आजही नवशिक्यांना चकवितो. एखादी व्यक्ती पॅकेज 'रिमूव्ह' करते, मागे उरलेली डिरेक्टरी हाताने पुसते आणि पॅकेज पुन्हा बसविते. तेव्हा कॉन्फिगरेशन फायली परत येतच नाहीत. हा दोष नाही. डीपीकेजीच्या नोंदीत त्या फायली अद्याप आहेत, डिस्कवर मात्र नाहीत, आणि यावरून त्या व्यवस्थापकाने जाणीवपूर्वक पुसल्या असा अर्थ तो घेतो. पुसणे हाही मालकाचा एक बदलच आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे, अशी ही भूमिका आहे. तर्क बिनतोड आहे, परंतु फायली परत मिळविण्यासाठी आधी 'पर्ज' करावे लागते किंवा खास पर्याय द्यावा लागतो, हे पडद्यावर कोठेही ठळकपणे सांगितले जात नाही. तत्त्वनिष्ठ रचनेने वापरकर्त्याला समजावून सांगण्याची जबाबदारी टाळल्याचे हे उदाहरण होय.

'पर्ज' करताना चालणारी आज्ञावली तर आणखी चमत्कारिक स्थितीत असते. ती पॅकेजची असूनही पॅकेज गेल्यानंतर, कधीकधी वर्षांनी, चालते. तोपर्यंत ते पॅकेज ज्यांवर अवलंबून होते ती इतर पॅकेजेही गेलेली असू शकतात. म्हणून या आज्ञावलीने प्रणालीतील अत्यावश्यक साधनांखेरीज कशावरही विसंबू नये असे बंधन आहे. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याला घरातले कोणीच हजर असेल असे गृहीत धरता येत नाही, तशातला हा प्रकार.

उबुंटू आणि सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही भारतीय लिनक्स प्रणाली, दोन्ही डेबियनवर आधारलेल्या असल्याने हे सर्व वर्तन त्यांच्याकडेही आले आहे.

रेड हॅट आणि फ्रीबीएसडी : फाईल बदलली काय?

रेड हॅट कंपनीच्या 'आरपीएम' या १९९५ मधील पॅकेज मॅनेजरने याच प्रश्नाला निराळे उत्तर दिले. त्यात मधली अवस्था नाही. पॅकेज एक तर आहे किंवा नाही. काढताना कॉन्फिगरेशन फाईलची तुलना मूळ चेकसमशी केली जाते. ती जशीच्या तशी असेल तर पुसली जाते. व्यवस्थापकाने बदललेली असेल तर तिच्या नावापुढे 'आरपीएमसेव्ह' असे शेपूट जोडून ती बाजूला ठेवली जाते. नाव बदलल्यामुळे ती फाईल कोणताही प्रोग्रॅम चुकून वाचत नाही, म्हणजेच डेबियनला भेडसावलेली मागे राहिलेल्या लिपींची अडचण येथे बहुतांशी टळते. मात्र नोंदवहीतून पॅकेजचे नाव गेलेले असल्याने ही बाजूला ठेवलेली फाईल यापुढे कोणाचीच राहत नाही. ती पुसण्याची आज्ञा कोणाला द्यावी हेही ठरलेले नाही. आर्च लिनक्सच्या पॅकमॅननेही थोड्याफार फरकाने हाच मार्ग धरला.

फ्रीबीएसडीच्या जुन्या पॅकेज साधनांनी हीच कसोटी सर्व फायलींना लावली. फाईलचा चेकसम मूळ नोंदीशी जुळला नाही तर ती पुसली न जाता तसा इशारा छापला जाई. या साधनांची जागा पुढे नव्या 'पीकेजी'ने घेतली.

विंडोज : मोजणीची पद्धत

विंडोज ९५ सोबत १९९५ मध्ये कंट्रोल पॅनेलमधील 'अ‍ॅड-रिमूव्ह प्रोग्रॅम्स' ही सोय रूढ झाली. येथे केंद्रीय पॅकेज मॅनेजर नव्हता. प्रत्येक सॉफ्टवेअर स्वतःचा अनइन्स्टॉलर आणी आणि त्याचा पत्ता रजिस्ट्रीत नोंदवी. यादी मध्यवर्ती, पण कृती ज्याची त्याची. सामायिक डीएलएल फायलींसाठी रजिस्ट्रीत एक आकडा ठेवला जाई. बसविणाऱ्याने तो एकने वाढवावा, काढणाऱ्याने एकने कमी करावा आणि शून्य झाल्यावर फाईल पुसावी, असा संकेत होता.

सिस्टिम फाईव्हच्या नोंदवहीत पॅकेजांची नावे होती. येथे केवळ संख्या होती. एखाद्या सॉफ्टवेअरने आकडा वाढविण्यास टाळाटाळ केली की हिशोब कायमचा बिघडे आणि तो कोणी बिघडविला हे शोधता येत नसे. 'ही सामायिक फाईल आता कोणताही प्रोग्रॅम वापरत नसल्याचे दिसते, ती काढावी काय?' अशा अर्थाचा प्रश्न विचारणारी चौकट त्या काळातील संगणकवापर केलेल्या अनेक प्राध्यापकांना आठवत असेल. प्रणालीलाच जे ठाऊक नाही ते वापरकर्त्याला विचारले जात होते, आणि शहाणा वापरकर्ता 'नको' असेच म्हणत होता. १९९९ मध्ये आलेल्या विंडोज इन्स्टॉलरने प्रत्येक घटकाला अद्वितीय ओळखक्रमांक देऊन संख्येऐवजी नावांच्या नोंदीकडे वाटचाल केली. तरीही प्रोग्रॅमने चालू असताना निर्माण केलेल्या फायली, लेखकाने आधीच वेगळी सूचना दिली नसेल तर, मागेच राहिल्या.

नोंदीत नसलेल्या फायली

शेवटचे वाक्य कोणत्याही प्रणालीला लागू पडते. नोंदवहीत फक्त बसविलेल्या फायली असतात. डेटाबेसमधील तक्ते, टपालाच्या रांगा, तात्पुरते साठे हे नंतर जन्माला येतात. डीपीकेजी अशा वेळी डिरेक्टरी रिकामी नसल्याने काढली नाही, एवढाच इशारा देतो. येथे चुकीची किंमत सर्वाधिक असते. डेबियनमधील पोस्टग्रेस व मायएसक्यूएल यांसारखी डेटाबेस पॅकेजे 'पर्ज' करताना डेटाही नष्ट करावा काय, असा प्रश्न विचारतात. तो विचारणारे साधनही एक स्वतंत्र पॅकेज असल्याने ते आधीच काढले गेले असेल, ही शक्यता पॅकेजकाराला लक्षात घ्यावी लागते. सोलारिस ११ च्या नव्या पॅकेज पद्धतीने २०११ मध्ये वेगळी तोड काढली : पॅकेजची डिरेक्टरी जाताना तीत सापडलेल्या, नोंद नसलेल्या फायली 'हरवले-सापडले' अशा नावाच्या एका ठिकाणी हलविल्या जातात.

वापरकर्त्याच्या गृह-डिरेक्टरीला पॅकेज मॅनेजरने हात लावू नये, हा संकेत मात्र लिनक्स परंपरेत जवळजवळ निरपवाद राहिला. त्यामुळे कधीच्या काळी काढलेल्या प्रोग्रॅमांच्या लपलेल्या फायली तेथे साचत राहतात, आणि त्याबद्दल फारशी तक्रारही होत नाही.

तक्रार व्हावी असा प्रश्न दुसराच आहे. अनेक सेवा आपल्यासाठी स्वतंत्र प्रणाली-वापरकर्ता निर्माण करतात. युनिक्समध्ये फाईलवर मालकाचे नाव नव्हे, तर क्रमांक लिहिलेला असतो. सेवेबरोबर तिचा वापरकर्ता पुसला आणि तिची एखादी फाईल कोठेतरी राहिली, तर तो मोकळा झालेला क्रमांक पुढे बसविलेल्या निराळ्याच सेवेला मिळू शकतो. तत्क्षणी ती जुनी फाईल, तीत गुप्त किल्ल्या असोत वा पत्ते, नव्या सेवेच्या मालकीची होते. कोणीही काहीही हस्तांतरित केलेले नसते. डेबियनमध्ये काही पॅकेजे वापरकर्ता पुसत, काही तो राखत. यावर तेथे दीर्घकाळ मतभेद राहिले. नीटनेटकेपणाच्या आग्रहापेक्षा एक निरुपयोगी नाव यादीत राहू देणे अधिक सुरक्षित, हा पक्ष येथे सबळ दिसतो.

तपासणी आणि नवे मार्ग

पॅकेजकार नियम पाळतात की नाही हे तपासण्यासाठी लार्स विर्झेनियस यांनी २००५ मध्ये 'पिउपार्ट्स' हे साधन तयार केले. ते किमान डेबियन प्रणाली उभी करते, तिच्यातील फायलींची यादी करते, पॅकेज बसवून 'पर्ज' करते आणि पुन्हा यादी करून दोहोंतील फरक दाखविते. एक फाईल जरी मागे राहिली तरी दोष नोंदविला जातो. नियम सांगणे आणि तो यंत्राने पडताळणे यांत जवळपास एका दशकाचे अंतर पडले.

नोंदवहीचा हा धडा सर्वांनी शिकलेला होता असे नाही. पायथन भाषेतील 'ईझी-इन्स्टॉल' या साधनात काढण्याची आज्ञाच नव्हती. त्यानंतर आलेल्या 'पिप'ने ती दिली, आणि २००९ मधील एका प्रस्तावाने प्रत्येक बसविणीबरोबर फायलींची यादी ठेवण्याची पद्धत मांडली. २०१८ मधील पिपच्या दहाव्या आवृत्तीपासून, अशी यादी नसलेले जुन्या पद्धतीचे पॅकेज काढण्यास पिप सरळ नकार देतो. कोणत्या फायली त्याच्या हे अचूक सांगता येत नाही, असे कारण तो देतो. अंदाजाने पुसण्यापेक्षा हा नकार बरा.

एल्को डोल्स्ट्रा यांनी २००३ पासून विकसित केलेल्या निक्समध्ये प्रत्येक पॅकेज स्वतंत्र, अपरिवर्तनीय डिरेक्टरीत राहते. काढणे म्हणजे केवळ निर्देश तोडणे. ज्याकडे कोणाचाच निर्देश उरला नाही ते नंतर कचरा म्हणून गोळा केले जाते. प्रोग्रॅमच्या फायलींपुरता मालकीचा वाद येथे मिटला. डेटाबेसचा डेटा मात्र त्या रचनेच्या बाहेरच असतो आणि सेवा बंद केल्यावरही जागच्या जागी राहतो. निक्सवर आधारलेली निक्सओएस ही प्रणाली, एकदा दिलेला वापरकर्ता-क्रमांक दुसऱ्याला जाऊ नये म्हणून, गेलेल्या वापरकर्त्यांचेही क्रमांक एका फाईलमध्ये जपून ठेवते.

फ्लॅटपॅक आणि स्नॅप या अलीकडील पद्धतींत प्रत्येक प्रोग्रॅमचा डेटा वापरकर्त्याच्या गृह-डिरेक्टरीतही वेगळ्या कप्प्यात ठेवला जातो. कोणाचे काय हे आता स्पष्ट आहे. तरीही उत्तरे भिन्न आहेत. फ्लॅटपॅक तो कप्पा, वेगळी आज्ञा दिली नाही तर, जसाच्या तसा राहू देतो. स्नॅप तो काढतो, पण त्याची एक प्रत सामान्यतः ३१ दिवस सांभाळतो; 'पर्ज' म्हटले तर तीही घेत नाही. २०१९ मधील अँड्रॉइड १० पासून अ‍ॅपच्या निर्मात्याला तशी सूचना देऊन ठेवता येते, आणि मग अ‍ॅप काढताना त्याचा डेटा ठेवायचा काय, हे फोनच्या मालकालाच विचारले जाते.